मोहाची पेंड आणि बोडीतल्या गोगलगायींची अंडी
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, मोहाची पेंड टाकली, गोगलगायी मेल्या, आणि महिन्याभरात काठावर पुन्हा बारीक पिल्लं दिसू लागली, अशी तक्रार घेऊन दर उन्हाळ्यात काही ग्राहक येतात. बहुतेक वेळा पेंडीत खोट नसते; पहिल्या मात्रेतून अंडी वाचलेली असतात.

मोहाच्या पेंडीतलं सॅपोनिन, म्हणजे साबणासारखा फेस करणारं द्रव्य, पेशींची आवरणं फोडतं. गोगलगायीचं अंग उघडं, म्हणून ती मरते. माशांना ते कल्ल्यांतून भिनतं, म्हणून मासेही मरतात. अंडी मात्र घट्ट चिकट लगद्यात असतात आणि त्यातून सॅपोनिन आत फारसं शिरत नाही. इथिओपियातल्या एन्डोड झुडपाचंही हेच झालं. 1964 मध्ये तिथले शास्त्रज्ञ अक्लिलू लेम्मा यांना अद्वा गावाजवळ, बायका त्याच्या फळांनी कपडे धूत तिथे, मेलेल्या गोगलगायी दिसल्या. पुढे त्या फळांवर भरपूर काम झालं, पण गोगलगाय मारणारी मात्रा अंड्यांना पुरत नाही हे उघड झालं.

कमी मात्रेचं काय? गोरखपूर विद्यापीठात लिम्निया गोगलगायीवर वनस्पतिजन्य द्रव्यांचे बरेच प्रयोग झाले आहेत. मारक मात्रेपेक्षा कमी दिलं तरी नर-मादी एकाच अंगात असलेली ही गोगलगाय अंडी कमी घालते, त्यातली कमी फुटतात, पिल्लंही कमी जगतात. तरीही थोडी थोडी पेंड टाकत राहण्याचा सल्ला आम्ही देत नाही. या गोगलगायीला जोडीदाराशिवायही अंडी घालता येतात, त्यामुळे एक वाचली तरी बोडी पुन्हा भरते.

आधी अंडी ओळखा. पाणवनस्पतीच्या पानाची खालची बाजू, बुडालेली काडी, प्लास्टिकची पिशवी उलटून पाहा. लांबट, पारदर्शक, जेलीसारखी पट्टी दिसली तर लिम्निया. हीच जनावरांतल्या लिव्हर फ्लूकची, म्हणजे यकृतातल्या चपट्या जंताची वाहक. चकतीसारखा चपटा पुंजका असेल तर इंडोप्लॅनॉर्बिस, म्हणजे बैलांच्या घोरण्याच्या रोगाची वाहक. पट्टी भिंगाखाली धरा. आत पिल्लू गोल फिरताना दिसतं. डोळ्यांचे काळे ठिपके उमटले की फुटायला थोडेच दिवस उरले.

मात्रा: एक घनमीटर पाण्याला 200 ते 250 ग्रॅम. बांबूने दहा ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा. नुसती मधली खोली धरली तर पेंड वाया जाते, नुसती काठाची धरली तर कमी पडते. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर; पाच गुंठ्यांची, सरासरी अर्धा मीटर पाणी असलेली बोडी म्हणजे सुमारे 250 घनमीटर, पेंड 50 ते 63 किलो.

पेंड कुटून रात्रभर भिजवा, सकाळी फेस येईपर्यंत ढवळून लगद्यासकट सगळीकडे फेका. कुटताना नाकातोंडाला फडकं बांधा, भुकटीने शिंका आणि डोळ्यांची आग ठरलेली. संशय आला तर चमचाभर पेंड बाटलीत पाणी घालून हलवा. फेस टिकला नाही किंवा पेंडीला बुरशीचा वास असेल तर ती परत आणा.

विष जाणवताच गोगलगायी काठावर चढतात. तिथल्या ओल्या चिखलावरही पेंड शिंपडा आणि वर आलेल्या हातमोजे घालून वेचा. हे राहिलं की दोन दिवसांत त्याच परत पाण्यात.

दुसरी मात्रा हीच खरी. उन्हाळ्यात अंडी साधारण सात ते दहा दिवसांत फुटतात आणि तोवर पहिल्या मात्रेचा जोर बराच उतरलेला असतो. दहाव्या-बाराव्या दिवशी पाणी पुन्हा मोजून तितकीच मात्रा टाका, म्हणजे पिल्लं अंड्यावर येण्याआधीच मरतात. थंडीत अंडी फुटायला जास्त वेळ लागतो, तेव्हा दिवस मोजू नका, भिंग पाहा. पाणवनस्पती आधीच उपटून उन्हात वाळवल्यात तर निम्मं काम तिथेच होतं.

वाहत्या नाल्यात, पिण्याच्या पाण्यात किंवा मासे असलेल्या मामा (माजी मालगुजारी) तलावात पेंड टाकू नका. जनावरांना ते पाणी पाजू नका. मत्स्यबीज दुसऱ्या मात्रेनंतर किमान 20 दिवसांनी सोडा. त्याआधी दहा बोटुकल्या (बोटाएवढी मत्स्यपिल्लं) हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिशवीत, चोवीस तास ठेवून पाहा. बाहेरून आणलेलं बीज आणि वनस्पती धुवूनच आत घ्या, जेलीची पट्टी त्यांच्यासोबतच येते. जनावरांना फ्लूकचं औषध पशुवैद्यकाकडून त्याच महिन्यात द्या, नाहीतर शेणातून रोगाची अंडी बोडीत पडतच राहतील.