पार्श्वभूमी : ‘वक्रीभवन’ गेले, ‘अपवर्तन’ आले

पाण्यात तिरकी बुडवलेली काठी मोडल्यासारखी दिसते, कारण माध्यम बदलताना प्रकाशकिरणाची दिशा बदलते. या दिशाबदलाचे कोन दुसऱ्या शतकातच अलेक्झांड्रियात मोजून झाले होते. त्या तक्त्यात ६० अंशांच्या आपतन कोनासमोर (किरण पृष्ठभागावरच्या लंबाशी करतो तो कोन) पाण्यातला कोन ४०.५ अंश आहे, तो आजही बरोबर ठरतो. ८० अंशांसमोर मात्र ५० आहे आणि खरा कोन येतो सुमारे ४७.६. मोजलेले आकडे ठरावीक फरकाने कमी होत जाणाऱ्या वाढीच्या साच्यात बसवले की असे होते. दोन्ही कोनांच्या साइनचे गुणोत्तर कायम राहते हा नियम दहाव्या शतकात बगदादकडे आणि पुन्हा १६२१ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये सापडला.

मराठीत खरा घोळ झाला तो शब्दाचा. जुन्या पिढीने ‘वक्रीभवन’ आणि ‘वक्रीभवनांक’ (माध्यम प्रकाशाला किती वळवते ते सांगणारा आकडा) शिकला. काही संदर्भग्रंथांत त्याच आकड्याला ‘प्रणमनांक’ म्हटलेले भेटते. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या पुस्तकात धड्याचे नाव ‘प्रकाशाचे अपवर्तन’ आहे. हिंदी पाठ्यपुस्तकांत हाच शब्द आधीपासून रुळलेला होता.

‘वक्रीभवन’वरचा आक्षेप रास्त आहे. किरण वक्र होत नाही, दोन माध्यमांच्या सीमेवर दिशा बदलतो आणि पुन्हा सरळ जातो. स्तंभिकेवरून, म्हणजे सीमेला लंब असलेल्या रेषेवरून आलेला किरण तर वळतही नाही, फक्त त्याचा वेग बदलतो. पण वातावरणात घनता हळूहळू बदलते, तिथे किरण खरोखरच वक्र होतो. क्षितिजावर हे वळण सुमारे ३४ कलांचे (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे सूर्यबिंबाच्या व्यासापेक्षाही किंचित जास्त असते. म्हणून सूर्य उगवण्याच्या सुमारे दोन मिनिटे आधीच दिसतो. मृगजळाचेही तेच.

नव्या शब्दाची अडचण कानाला जाणवते. परावर्तन, अपवर्तन, विवर्तन (अडथळ्याच्या कडेपाशी प्रकाशाचे पसरणे) हे तिन्ही एकाच शेपटीचे. पाण्यातून हवेत येणारा किरण ४८.६ अंशांच्या क्रांतिक कोनापलीकडे गेला की अपवर्तन थांबते आणि पूर्ण आंतरिक परावर्तन होते. हे वाक्य उत्तरपत्रिकेत उलटे लिहिले जाणे अगदी सहज घडते. शिवाय जुन्या गणितात ‘अपवर्तन’ म्हणजे सामाईक अवयवाने भागणे. अचूकपणासाठी केलेल्या या बदलात वेगळेपणाने लक्षात राहणारा शब्द हातचा गेला. निदान कंसात तरी ‘वक्रीभवन’ ठेवायला हवे होते.

भिंगांच्या बाबतीत शब्द कमी बदलले (मध्ये जाड असलेल्या बहिर्गोलचे बहिर्वक्र झाले), चिन्हे मात्र बदलली. पूर्वी अनेक ठिकाणी वास्तव अंतरे धन धरून वस्तू आणि प्रतिमा यांच्या अंतरांच्या व्यस्तांकांची बेरीज करत. आलेखासारखी दिशेनुसार चिन्हे देणाऱ्या कार्टेशियन संकेतात वजाबाकी असते आणि वस्तूचे अंतर ऋण. नाभीय अंतर (समांतर किरण भिंगापासून जिथे एकत्र येतात ते अंतर) १० सेंमी आणि वस्तू ३० सेंमीवर असेल तर दोन्ही रीतींनी प्रतिमा १५ सेंमीवर येते. नवे सूत्र घेऊन वस्तूचे अंतर धन टाकले की ७.५ येते. खऱ्या वस्तूची बहिर्वक्र भिंगाने पडणारी वास्तव प्रतिमा नाभीय अंतराच्या आत कधीच पडत नाही, तेव्हा चूक इथेच पकडावी.

तेच भिंग पाण्यात बुडवले तर १.५ अपवर्तनांकाच्या काचेचे नाभीय अंतर जवळपास चौपट, सुमारे ४० सेंमी होते. १० सेंमी हे भिंगाचे कायमचे माप नव्हे, ते हवेतले आहे. पाठ्यपुस्तकी गणितांत हा उल्लेख बहुधा गाळलेला असतो.