३९९ माणसं आणि वीस मिनिटांची चाचणी

अमेरिकेत ७ फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांचा एचआयव्ही जागृती दिन. त्या आठवड्यात तिथल्या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांत वाचनालयाबाहेर किंवा भोजनगृहाच्या दारात एखादं टेबल मांडलेलं दिसतं. मागे बसलेला मुलगा किंवा मुलगी त्याच आवारातली, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकणारी. हे काम इंटर्नशिपचं. कुणाला त्याचे श्रेयांक मिळतात, कुणाला थोडंफार मानधन. हिरड्यांवरून एक काडी फिरवायची, वीस मिनिटं थांबायचं, एवढीच ती एचआयव्हीची चाचणी. पण विद्यार्थ्याच्या हाती ही काडी येईपर्यंत जे घडलं, त्याची सुरुवात एड्सच्या पन्नासेक वर्षं आधीची आहे.

१९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामातल्या मेकन काउंटीत एक अभ्यास सुरू केला. सिफिलिस, म्हणजे गरमीचा रोग, झालेले ३९९ कृष्णवर्णीय पुरुष आणि तुलनेसाठी तो नसलेले २०१. बहुतेक जण दुसऱ्याची जमीन कसणारे. त्यांना सांगितलं गेलं की तुमचं ‘रक्त खराब’ आहे. मणक्यातून पाणी काढलं जाई आणि त्याला खास मोफत उपचार म्हटलं जाई. मोबदल्यात जेवण, दवाखान्यापर्यंत गाडी आणि अंत्यसंस्काराचा खर्च. हा शेवटचा खर्च शवविच्छेदनाला परवानगी दिली तरच. १९४७च्या सुमारास पेनिसिलिन हा रूढ उपचार झाला, तरी या माणसांपर्यंत तो पोचू दिला नाही. रोगाने अखेरपर्यंत काय केलं ते बघायचं होतं ना! पीटर बक्स्टन या कर्मचाऱ्याने हे प्रकरण बाहेर काढलं आणि १९७२च्या जुलैमध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली, तोवर चाळीस वर्षं उलटली होती.

या हकिगतीतला एक तपशील नेहमी घाईत सांगून टाकला जातो. त्या पुरुषांना गाडीत घालून आणणारी, घरची विचारपूस करणारी, त्यांचा विश्वास सांभाळणारी परिचारिका युनिस रिव्हर्स स्वतः कृष्णवर्णीय होती. अभ्यासाला सहकार्य करणारी टस्कीगी संस्था हे कृष्णवर्णीयांचंच नावाजलेलं महाविद्यालय. म्हणजे ‘आपल्या माणसाच्या तोंडून सांगितलं की लोक ऐकतात’ हे सरकारला तेव्हाच ठाऊक होतं. पुढच्या विद्यार्थी-कार्यक्रमांचा पाया हाच, आणि तो एकदा वाईटासाठी वापरून झालेला होता.

१९८१च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण समलिंगी पुरुषांच्या आजाराची पहिली नोंद छापून आली आणि एड्सचा चेहरा गोऱ्या समलिंगी पुरुषाचा ठरून गेला. ऑक्टोबर १९८६मध्ये सीडीसी या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने आकडे मांडले: लोकसंख्येत कृष्णवर्णीय १२ टक्के, एड्सच्या रुग्णांत २५ टक्के, लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, ६ टक्के, रुग्णांत १४. आता याच संस्थेने लोकांना रक्त तपासून घ्यायला सांगायचं होतं. मेकन काउंटीतला तो अभ्यास, ज्याला टस्कीगीचा अभ्यास म्हणतात, शेवटी सीडीसीच्याच अखत्यारीत आला होता आणि १९६९मध्ये तिने नेमलेल्या समितीने तो चालू ठेवायचा कौल दिला होता. १९९०मध्ये पाच शहरांतल्या कृष्णवर्णीय चर्चसदस्यांची पाहणी झाली, तेव्हा ३५ टक्के लोकांनी एड्स हा वंशसंहाराचा प्रकार असल्याचं म्हटलं. त्यांना अडाणी ठरवणं सोपं आहे. माझ्या मते ते अनुभवावरून बोलत होते. अर्थात सगळा दोष टस्कीगीच्या माथी मारणंही बरोबर नाही. विमा नसणं, जवळ दवाखाना नसणं आणि असलेल्या दवाखान्यात मिळणारी वागणूक, ही रोजची कारणं होतीच.

सरकारी दवाखान्यावर विश्वास नाही, मग दुसरं कोण? पहिलं उत्तर चर्चमधून आलं. हार्लेममधल्या पर्नेसा सील या रोगप्रतिकारशास्त्रज्ञ बाईंनी १९८९मध्ये एड्सग्रस्तांसाठी प्रार्थनेचा आठवडा भरवला. त्यातूनच ‘बाम इन गिलियड’ ही संस्था उभी राहिली. ज्या व्यासपीठावरून समलिंगींना पापी ठरवलं जाई, तिथे या आजाराचं नाव घेतलं गेलं, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरं उत्तर दारूच्या गुत्त्यात सापडलं. नव्वदच्या सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ जेफ्री केली यांनी मिसिसिपीतल्या बिलॉक्सी शहरात एक प्रयोग केला. समलिंगी पुरुषांच्या बारमध्ये कुणाचं बोलणं सगळे ऐकतात, हे तिथे दारू ओतणाऱ्यांनाच विचारलं. मग त्या माणसांना शिकवून मित्रांशी सहज गप्पा मारायला पाठवलं, आणि असुरक्षित संबंधांचं प्रमाण घटलं. भाषण देणारा डॉक्टर नको, बाजूला बसलेला दोस्त हवा. विद्यार्थी इंटर्नच्या कामाची पद्धत मला इथूनच निघालेली वाटते.

पैसा आला १९९८मध्ये. खासदार मॅक्सिन वॉटर्स यांच्या पुढाकाराने काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, कृष्णवर्णीय सदस्यांनी रेटा लावला. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी अल्पसंख्याक समाजांतला एचआयव्हीचा प्रश्न हे गंभीर आरोग्यसंकट असल्याचं जाहीर केलं आणि १५ कोटी ६० लाख डॉलरांची तरतूद झाली. याच योजनेतून पुढे अल्पसंख्याकांच्या महाविद्यालयांना स्थानिक संस्थांशी जोडून, अठरा ते चोवीस वयाच्या मुलांसाठी व्यसनमुक्ती आणि एचआयव्ही प्रतिबंधाची अनुदानं मिळाली.

तरीही, चाचणी तीच जुनी राहिली असती तर विद्यार्थ्यांना पत्रकं वाटण्यापलीकडे काही करता आलं नसतं. १९८५ची एलायझा चाचणी मुळात रक्तपेढीतलं रक्त तपासायला आलेली. तिच्या निकालासाठी पुन्हा यावं लागे, आणि सीडीसीच्या अंदाजानुसार २००० साली सरकारी केंद्रांवर बाधित निघालेल्यांपैकी ३१ टक्के लोक निकाल न्यायला परतलेच नव्हते. नोव्हेंबर २००२मध्ये बोट टोचून वीस मिनिटांत उत्तर देणाऱ्या ‘ओराक्विक’ला मंजुरी मिळाली, जानेवारी २००३मध्ये ती प्रयोगशाळेबाहेर करायची मोकळीक मिळाली आणि २००४मध्ये तोंडातल्या द्रवावर चालणारा प्रकार आला. सुई गेली, प्रयोगशाळा गेली. शिकवून तयार केलेलं कुणीही, त्या-त्या राज्याचे नियम पाळून, टेबल मांडू शकत होतं.

नेमक्या त्याच वेळी नॉर्थ कॅरोलायनात धक्का बसला. त्या राज्याने २००२च्या अखेरीस अगदी ताजी लागण पकडणारी तपासणी सुरू केली आणि तीत दोन महाविद्यालयीन तरुण सापडले. मग जुन्या नोंदी चाळल्या, तर २००० ते २००३ या काळात नव्याने निदान झालेले ८४ पुरुष विद्यार्थी निघाले. त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय. कॉलेजात शिकणारी मुलं सुरक्षित असतात हा समज तिथे मोडला. पुढे केलींची बिलॉक्सीतली पद्धत कृष्णवर्णीय तरुणांसाठी घडवून ‘डी-अप’ या नावाने आजमावली गेली, तीही याच राज्यात.

आपल्याकडचं चित्र याहून वेगळं. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, एनएसएसची फेरी निघते, कॉलेजातल्या रेड रिबन क्लबची पोस्टर स्पर्धा होते. चाचणी मात्र बहुधा सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, समुपदेशकासमोर. पण भारतातला पहिला एचआयव्हीचा शोध एका विद्यार्थिनीच्या हातून लागला, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. १९८६मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात सेल्लप्पन निर्मला यांनी पदव्युत्तर प्रबंधासाठी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले आणि सहा जणी बाधित निघाल्या. मार्गदर्शक होत्या डॉ. सुनीती सॉलोमन, मद्रासच्या मराठी गायतोंडे कुटुंबातल्या.

अमेरिकेतल्या इंटर्नची अडचण निराळीच आहे. आवार छोटं, समोर बसलेला बहुधा आपल्याच वर्गातला. ओळखीचा चेहरा विश्वास देतो, तसा चार दिवसांत गावभर होईल ही धास्तीही देतो. म्हणून प्रशिक्षणात गोपनीयतेवर भर असतो. काडीने ‘बाधित’ दाखवलं तरी तो अंतिम निकाल नसतो. खात्रीची दुसरी चाचणी लागते आणि त्या मुलाला दवाखान्यापर्यंत नेऊन औषध सुरू करून द्यावं लागतं. हा शेवटचा भाग इंटर्नच्या सत्र संपलं की निघून जाण्याशी जुळत नाही. शिवाय अनुदान तीन-पाच वर्षांचं. २०२२च्या अंदाजानुसार नव्या लागणींपैकी ३७ टक्के अजून कृष्णवर्णीयांतच आहेत, आणि एप्रिल २०२५मध्ये झालेल्या नोकरकपातीत सीडीसीच्या एचआयव्ही प्रतिबंध विभागातली माणसंही गेली.