नाफ्ता का जाळला? कोकणातल्या इंधनाची पार्श्वभूमी

कोकणात जळणाचा प्रश्न मुळात ओलाव्याचा. मृगाआधी फाटी पडवीत रचली नाहीत, तर पुढचे चार महिने चूल नुसती धुमसते. वाळलेलं लाकूड किलोमागे साधारण १८ मेगाज्यूल उष्णता देतं. तेच निम्मं पाण्यानं भरलेलं असेल, तर हाती लागतात जेमतेम ८, कारण जळणारा भाग अर्धाच आणि त्यातलीही काही उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. चुडतं, म्हणजे नारळाची सुकी झावळी, भसकन पेटून विझतं, करवंटीचा निखारा मात्र टिकतो. जळणं म्हणजे ऑक्सिजनशी संयोग, हे युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालं. फुंकणी इथे काम करतच होती. पुढे रेशनचं रॉकेल आलं, मग सिलिंडर.

इंधनाचा वाद पेटला तो एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पावरून. प्रकल्प नावाला दाभोळचा, उभा राहिला खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात, अंजनवेलला. १९९३ च्या करारात पहिल्या टप्प्यासाठी डिझेलच्या जातीचं तेल धरलं होतं. १९९५ मध्ये राज्यात सत्ता बदलली, करार रद्द झाला, फेरवाटाघाटी झाल्या आणि तेलाच्या जागी नाफ्ता, म्हणजे कच्च्या तेलातून निघणारा हलका द्रव, आला. देशातल्या रिफायनऱ्यांतून तो मिळेल, हा हिशेब. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा टप्पा त्यावर सुरू झाला.

नाफ्त्याची बदनामी तेव्हापासूनची, आणि माझ्या मते ती बरीचशी अनाठायी. नाफ्ता पेट्रोलचा भाऊबंद: किलोमागे सुमारे ४४ मेगाज्यूल, म्हणजे डिझेलपेक्षा किंचित जास्तच, आणि राख जवळपास नाही. खोड्या आहेत. झटकन बाष्प होत असल्यानं गळती धोक्याची; वंगणाचा गुण नसल्यानं पंप झिजतात; टर्बाइन चालू-बंद करताना सहसा डिझेलसारखं जड तेल वापरावं लागतं. पण या सगळ्यावर तोडगे आहेत. तोडगा नव्हता तो किमतीवर. १९९९ च्या सुरुवातीपासून वर्ष-दीड वर्षात कच्चं तेल दुपटीहून महागलं, त्यामागोमाग नाफ्ता, आणि करारातला वीजदर डॉलरशी बांधलेला. विजेचं बिल फुगलं, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. ज्वलनाच्या तक्त्यात यातलं काहीच दिसत नाही.

दुसरा टप्पा नैसर्गिक वायूवर, म्हणजे मुख्यतः मिथेनवर, चालणार होता. मिथेनमध्ये एका कार्बनमागे चार हायड्रोजन, म्हणून तेवढ्याच उष्णतेला कार्बन डायऑक्साइड नाफ्त्यापेक्षा साधारण पाव हिश्शानं कमी. मात्र जहाजानं आणायचा तर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव करावा लागतो; तेव्हा त्याचं आकारमान सहाशे पटींनी घटतं. प्रकल्प बंद पडला तेव्हा हा द्रव वायू जहाजातून उतरवून घेण्याचं टर्मिनल अर्धवटच होतं. गंमत म्हणजे २००६ मध्ये नव्या मालकीत प्रकल्प परत चालू झाला तोही नाफ्त्यावरच, आणि महाग पडतो म्हणून लगेच थांबला. वायू २००७ मध्ये पाइपनं आला, टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झालं. त्याच सुमारास देशी वायू आटल्यानं वीजनिर्मिती ठप्प झाली. २०१५ च्या अखेरीस रेल्वेसाठी काही भाग चालू झाला, तो आयात वायूवर.