टाइमली वॉर्निंग वेगळी, इमर्जन्सी नोटिफिकेशन वेगळी

अमेरिकेतल्या विद्यापीठाकडून फोनवर काहीही इशारा आला की विद्यार्थी त्याला सरसकट 'अलर्ट' म्हणतात. ते चालेल. पण कॅम्पसची सुरक्षा बघणारेही तसंच बोलू लागले की डोक्यात जातं. क्लेरी कायद्यात, म्हणजे कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती विद्यापीठांना द्यायला लावणाऱ्या अमेरिकी कायद्यात, हे दोन इशारे आहेत आणि त्यांचे नियम निरनिराळे आहेत.

टाइमली वॉर्निंग जुनी, 1990 च्या मूळ कायद्यातली. ठरावीक गंभीर गुन्हा कळला आणि धोका टळलेला नसला, तर सगळ्या कॅम्पसला सांगायचं. इमर्जन्सी नोटिफिकेशन 2008 च्या दुरुस्तीनं आली. तिला गुन्हाच लागतो असं नाही. गॅसगळती, वादळ, साथ, काहीही. धोक्याच्या भागापुरती पाठवली तरी चालते.

घोडं अडतं ते 'खात्री'पाशी. धोक्याची खात्री पटताच नोटिफिकेशन विनाविलंब द्यायची. इशाऱ्यामुळेच मदतकार्य किंवा संकट आवरण्याचं काम अडणार असेल, तेवढाच अपवाद. पण खात्री म्हणजे सगळा तपशील हाती येणं, असं समजून साहेब लोक बैठकीला बसतात. आवाज गोळीचा की फटाक्याचा, हे बघायला थांबणं ठीक. गोळी कोणी झाडली, का झाडली, हे कळेपर्यंत थांबायचं काहीच कारण नाही. धोका खरा आहे एवढं जबाबदार माणसानं तपासलं की झाली खात्री. वॉर्निंगला तर तीही अट नाही. कामाची माहिती हाती येताच, अर्धवट असली तरी, ती द्यायची.

यात व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचा दाखला हमखास चुकीचा दिला जातो. 16 एप्रिल 2007 ला सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात गोळ्या झाडल्या गेल्या. पहिला ईमेल गेला 9 वाजून 26 मिनिटांनी. त्यात 'गोळीबाराची घटना' एवढंच. कोणी मेल्याचा उल्लेख नाही, मारेकरी मोकाट असल्याचाही नाही. पंधराएक मिनिटांत नॉरिस हॉलमध्ये गोळीबार सुरू झाला. त्या दिवशी 32 जणांचा बळी गेला. 'नोटिफिकेशनला उशीर झाला' असं लोक म्हणतात, पण तो नियम तेव्हा नव्हताच! विद्यापीठानं 2014 मध्ये भरलेला 32,500 डॉलरचा दंड टाइमली वॉर्निंगच्या नियमाखालचा होता.

आणि कृपा करून 'दोन्ही पाठवून टाका' हा सल्ला बंद करा. नोटिफिकेशन दिली की त्याच घटनेसाठी वॉर्निंग द्यावी लागत नाही, फक्त पुढची माहिती कळवत राहावी लागते. दुसरा इशारा वाचून लोकांना वाटतं, आणखी एक हल्ला झाला.