स्विचिंग लूप : फ्रेमला मरण का नाही?

लातूर-नांदेडकडच्या क्लासेसच्या लॅबमध्ये सुट्टीतली झाडझूड झाली की हमखास हा प्रकार होतो. टेबलाखाली पॅचकॉर्डचं एक टोक लोंबत असतं, कुणीतरी ते त्याच स्विचच्या (लॅबमधली यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या डबीच्या) रिकाम्या पोर्टात खोचून टाकतं, आणि क्षणात सगळे दिवे न थांबता लुकलुकायला लागतात. नेट गेलं म्हणून फोन मात्र कंपनीला जातो.

या फेऱ्याचं, म्हणजे लूपचं, मूळ दुखणं जुनं आहे. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी इथरनेट मांडलं, तेव्हा सगळी यंत्रं एकाच केबलवर होती. गोल फिरायला वाटच नव्हती. त्यामुळे इंटरनेटवरच्या आयपी पाकिटात असते तशी आयुष्याची मर्यादा (ठरावीक टप्प्यांनंतर टाकून द्यायचं) फ्रेमला, म्हणजे इथरनेटवरून जाणाऱ्या माहितीच्या पुडक्याला, दिलीच गेली नाही. पुढे केबली जोडणारे ब्रिज (आजच्या स्विचचे पूर्वज) आले, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून जादा वाटा ठेवल्या गेल्या, आणि सर्वांसाठी सोडलेली फ्रेम त्यांतून फिरतच राहू लागली आणि नेटवर्क तुंबू लागलं.

तोड काढली डीईसी या संगणक कंपनीतल्या रेडिया पर्लमन यांनी. १९८५ मध्ये त्यांची स्पॅनिंग ट्री पद्धत प्रसिद्ध झाली (त्यांनी त्यावर कविताही केली!) आणि १९९० मध्ये ती ८०२.१डी या मानकात आली. ब्रिज आपसात निरोप पाठवून एक रूट, म्हणजे मुख्य ब्रिज, ठरवतात. फेरा पूर्ण करणारे पोर्ट अडवून ठेवतात. गंमत रूटच्या निवडीत आहे. प्रायॉरिटी (पसंतीचा आकडा; लहान तो वरचढ) सगळीकडे मुळातली ३२७६८ च राहिली, तर सर्वांत लहान मॅक पत्ता (यंत्राला कारखान्यातच दिलेला क्रमांक) जिंकतो. तो बहुधा जुन्या स्विचचा असतो. म्हणजे अडगळीतला, धूळ खाल्लेला स्विच थोरला म्हणून घराचा कारभारी होतो!

दुसरी अडचण वेळेची. वाट बदलायला ३० ते ५० सेकंद लागत. वैतागून अनेकांनी ही सोय बंदच केली. २००१ मधल्या ८०२.१डब्ल्यू या सुधारित मानकाने हा वेळ बराच कमी केला. तरी २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस रुग्णालयाचं वाढत गेलेलं नेटवर्क स्पॅनिंग ट्रीच्याच घोळात कोलमडलं आणि काही दिवस कामकाज कागदावर करावं लागलं.

आपल्याकडच्या आठ पोर्टांच्या साध्या स्विचमध्ये मात्र ही पद्धत सहसा नसतेच. वरचा स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) असेल तर त्याच्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीच्या निरोपांवरचा पहारा) लावता येतो: खालून निरोप परत आला की तेवढा पोर्ट बंद पडतो, बाकीची लॅब चालू राहते.