केमोनंतरचा ताप थांबून बघायचा नसतो

दरवर्षी नोव्हेंबरात अँटिबायोटिक जपून वापरण्याविषयी जागृतीचा आठवडा पाळतात. ‘तापाला उठसूट अँटिबायोटिक घेऊ नका’ हे त्यातलं सांगणं अगदी खरं आहे. पण केमोथेरपी चालू असलेल्या माणसाने तेच ऐकून दोन दिवस कळ काढली, तर जिवावर बेतू शकतं. त्याचा ताप एकदा जरी 101 अंश फॅरनहाइटवर गेला किंवा 100.4 वर तासभर टिकला, तर लगेच रुग्णालय गाठायचं. तिथे पोचल्यावर ब्लड कल्चरसाठी (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) रक्त घेऊन तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. जंतू कोणता, हे कळायच्या आधीच.

केमोची औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्कपेशी तशा असतात, पण अस्थिमज्जेतल्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशीही तशाच. जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी मज्जा रोज सुमारे 100 अब्ज बनवते आणि रक्तात त्या फार काळ टिकत नाहीत. निर्मिती थांबली की साठा आटतो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान काउंट, म्हणजे न्यूट्रोफिलची संख्या, तळाला जातो. त्याच सुमारास आतड्याचं अस्तर सोललेलं असतं आणि एरवी आतड्यात राहणारे ई. कोलाय, क्लेबसिएल्ला हे जिवाणू रक्तात शिरतात. घरचे ‘कुणाकडून संसर्ग लागला’ याचा शोध घेतात, पण जंतू अनेकदा रुग्णाच्या स्वतःच्याच पोटातले असतात.

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या, कागदावरून न्यूट्रोफिलचा हिशेब करता येतो. दर मायक्रोलिटर रक्तात एकूण पांढऱ्या पेशी 1200 आणि त्यात न्यूट्रोफिल 20 टक्के, म्हणजे 240. आकडा 500 च्या खाली गेला की धोका मोठा, 100 च्या खाली सर्वांत मोठा. जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी 1966 मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत हे नातं मोजून दाखवलं. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल. त्याच नसल्या तर पू होत नाही, न्यूमोनिया असूनही एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. ताप ही बऱ्याचदा एकमेव खूण उरते. म्हणून डॉक्टरांना फोन करण्याआधी पॅरासिटामॉल घेऊन ती खूण पुसू नये.

इथे मला सर्वांत विलक्षण वाटतं ते औषधाचं काम. एरवी अँटिबायोटिकने जंतूंची वाढ रोखली तरी भागतं, उरलेलं न्यूट्रोफिल उरकतात. इथे मारण्याचं बहुतेक काम औषधालाच करावं लागतं, म्हणून पिपेरासिलिन, सेफेपिम, मेरोपेनेम यांसारखी बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या कुळातली) औषधं निवडतात. जिवाणूच्या आत मोठा दाब असतो आणि तो पेप्टिडोग्लायकनची, म्हणजे जिवाणूच्या भिंतीतली, जाळी पेलून धरते, सायकलच्या ट्यूबला टायर धरून ठेवतो तशी. या जाळीतल्या साखळ्या एकमेकींना जोडणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) बीटा-लॅक्टमचा रेणू कायमचा चिकटतो. वाढण्यासाठी जिवाणू स्वतःच जाळी कापत राहतो, पण नवे टाके पडत नाहीत. पिपेरासिलिन मुख्यतः विभाजनाची भिंत बांधणारं विकर अडवतं, त्यामुळे जिवाणू दोन होण्याऐवजी धाग्यासारखा लांबत जातो आणि शेवटी फुटतो. 2014 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ई. कोलायमध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: जिवाणू जाळीचे सुटे धागे बनवत राहतो, लगेच तोडत राहतो आणि या निष्फळ चक्रात स्वतःची सामग्री उधळतो. हे सगळं औषधाची पातळी पुरेशी असेतोवरच चालतं. पिपेरासिलिनची पातळी रक्तात तासाभरात निम्मी होते, म्हणून दर सहा-आठ तासांनी डोस, आणि काही ठिकाणी तो चार तास सावकाश सोडतात.

कल्चरची वाट न बघण्याची पद्धत 1971 पासून रुजली. बाल्टिमोरच्या स्टीफन शिम्फ आणि सहकाऱ्यांनी तेव्हा कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन ताप येताच सुरू केल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

पपईच्या पानांचा किंवा गव्हांकुराचा रस आणि गोमूत्र अर्क ‘काउंट वाढवायला’ आग्रहाने पाजले जातात. त्यांनी केमोनंतरच्या न्यूट्रोफिल वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही, आणि नीट न धुतलेल्या पानांचा कच्चा रस सोललेल्या आतड्यात नवे जंतू नेऊ शकतो. मज्जेला खरोखर चालना देणारं जी-सीएसएफ हे इंजेक्शन आहे.

आता भीती प्रतिरोधाची, म्हणजे जंतू औषधाला न जुमानण्याची. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अलीकडच्या अहवालांत क्लेबसिएल्लाचे निम्म्याहून अधिक नमुने मेरोपेनेमलाही दाद देत नाहीत. त्यांतल्या अनेकांत एनडीएम हे विकर असतं. ते जस्ताच्या अणूंच्या साहाय्याने बीटा-लॅक्टमच्या रेणूतलं कडं फोडतं. अॅझट्रिओनाम हे बीटा-लॅक्टम औषध त्याला फोडता येत नाही, पण अशा जिवाणूंकडे बहुधा अॅझट्रिओनाम फोडणारी दुसरी विकरं असतात. त्या दुसऱ्यांना अॅविबॅक्टम अडवतं, म्हणून सेफ्टाझिडिम-अॅविबॅक्टम आणि अॅझट्रिओनाम एकत्र देतात. कल्चरमध्ये असा जंतू निघाला तर औषध तिकडे वळवतात, आणि साधा निघाला तर जड औषध उतरवून हलकं देतात.