पार्श्वभूमी : कोल्हापूरचे न्यायाधीश माधवराव रानडे

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांचे मुंबईचे हेलपाटे वाचले. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या आवारात पुन्हा काळे कोट दिसू लागले. अशा वेळी न्यायमूर्ती महादेव गोविंद ऊर्फ माधवराव रानडे यांचे नाव घ्यायला हवे, कारण पुण्याने आपले मानलेला हा माणूस वाढला कोल्हापुरात. शिवाय सभागृहात बसलेला माणूस न्यायमूर्ती होऊ शकतो का, या प्रश्नाचे उत्तरही त्यांच्या आयुष्यात सापडते.

जन्म निफाडचा, 18 जानेवारी 1842 चा. पण वडील कोल्हापूर दरबारच्या नोकरीत, त्यामुळे माधवरावांचे बालपण आणि शाळा इथलीच. पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईला एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेत गेले. मुंबई विद्यापीठाची बी.ए.ची पहिली तुकडी 1862 ची, त्यात ते होते. 1866 मध्ये एलएल.बी. झाले. थोडे दिवस सरकारी भाषांतराचे काम, थोडे दिवस अक्कलकोटचा कारभार, आणि मग पंचविशीत कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश. तेव्हा गादीवर राजाराम महाराज होते, 1870 मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला ज्यांचा अंत झाला तेच. जिथे वडिलांना दरबारात सगळे ओळखतात त्याच गावात निवाडे करणे म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. ही नेमणूक अल्पकाळच टिकली. 1868 मध्ये ते एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी शिकवू लागले.

1871 मध्ये त्यांनी ॲडव्होकेटची परीक्षा दिली. सनद मिळण्याजोगी तयारी होती, पण वकिलीत ते रमले नाहीत. त्याच वर्षी पुण्यात दुय्यम न्यायाधीश झाले. सरकारी नोकर असूनही लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या कामामागे डोके त्यांचेच, हे सरकारला ठाऊक होते. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले, तेव्हा संशयाचा काटा त्यांच्याकडेही वळला आणि बदली थेट धुळ्याला झाली.

1885 मध्ये ते मुंबईच्या कायदे कौन्सिलवर गेले. आजचा आमदार डोळ्यांसमोर आणू नये. प्रचार नाही, मतदान नाही, गुलाल नाही. 1861 च्या कायद्याप्रमाणे सभासद सरकारच नेमी. पुढे आलेल्या विधेयकावर बोलायचे, एवढेच काम. प्रश्न विचारता येत नसे, अंदाजपत्रकावर बोलता येत नसे. न्यायखात्याच्या नोकरीतला माणूस तिथे बसतो याचेही कुणाला नवल वाटत नसे.

माझ्या मते रानड्यांचा कायद्यावर खरा हात फिरला तो कौन्सिलात नव्हे, न्यायासनावरून. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा पेटला तेव्हा शेतकऱ्यांचा रोख दस्तांवर होता, कर्जरोखे हिसकावून जाळले गेले. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे त्यात होते. तोवर कोर्टापुढे रोखा ठेवला की काम झाले. शेतकरी हजर नसला तरी एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा निकाल, ठरलेला. नव्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासायला लावले. पहिल्यांदा हातात रोकड किती पडली? फेड किती झाली? थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा कधी लिहून घेतला? असे फुगवलेले मुद्दल हिशेबातून वगळायचे, उरलेल्या रकमेचे हप्ते बांधून द्यायचे. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणेही बंद झाले. कायदा कागदावर ठीक, पण खालच्या कोर्टात तो पाळला जातो का, हे पाहायला खास न्यायाधीश लागे. आधी त्या कामात साहाय्यक आणि 1887 पासून स्वतः खास न्यायाधीश म्हणून रानडे गावोगाव फिरले, निकाल तपासत राहिले.

1 सप्टेंबर 1893 रोजी न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले. तेलंग नाणावलेले वकील, तेही कौन्सिलवर बसलेले. त्यांच्या जागी रानडे हायकोर्टात आले. 16 जानेवारी 1901 रोजी रानडे गेले, आणि ती खुर्ची नारायण गणेश चंदावरकरांकडे आली. चंदावरकरही वकील आणि कौन्सिलर. काही आठवड्यांपूर्वीच लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष होते. 1921 मध्ये तेच मुंबई कायदे कौन्सिलचे पहिले अध्यक्ष झाले. लागोपाठ तिघे एकाच वाटेचे, कौन्सिलातून न्यायासनाकडे गेलेले!

स्वातंत्र्यानंतर ही वाट अरुंद झाली. तरी राज्यसभेतून के. एस. हेगडे न्यायासनावर आले, आणि सुप्रीम कोर्ट सोडून पुढे लोकसभेचे अध्यक्ष झाले. केरळात मंत्री राहिलेले व्ही. आर. कृष्ण अय्यर 1973 मध्ये सुप्रीम कोर्टात पोहोचले. राज्यघटनेचे 217 वे कलम हायकोर्टाच्या न्यायमूर्तीसाठी दहा वर्षांची वकिली किंवा तितकीच न्यायखात्यातली नोकरी मागते. पूर्वी निवडणूक लढवली, सभागृहात बसला, एवढ्या कारणावर ते कुणाला अडवत नाही.